शेकाच्या खोलीबाहेर

गालाच्या कॅन्सरचे उपचार संपून आता दोन पावसाळे झाले. तोंड दोन बोटांपुरतं उघडतं, भाकर दुधात कुस्करून खावी लागते, आणि डाव्या गालाला हात लावला तर तो हात दुसऱ्याच कुणाला तरी लागतोय असं वाटतं. एवढं सोडलं तर मी बरा आहे. तेलंगणातल्या बेल्याजवळच्या एका गावात सरकारी मराठी शाळेत शिक्षक आहे, पुन्हा रुजू झालोय. पोरांना माझं बोलणं समजतं, किंवा समजलं नाही तरी ती तसं दाखवत नाहीत.

हे मी शेक घ्यायला जाणाऱ्यांसाठी लिहितोय. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. ऑपरेशनचं, औषधांचं डॉक्टर सगळं सांगतात. चेहऱ्यावर मुखवटा बसवून तो टेबलाला आवळतात, हेही सांगतात. पण त्या मुखवट्याखाली पडल्यावर डोक्यात काय काय येतं, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मला तिथे पडून राहता येत नव्हतं आणि पडून राहिल्याशिवाय माझा इलाज होणार नव्हता. पुढे ते जमलं. कसं जमलं ते सांगायचं तर मला लहानपणच्या बुद्धविहारापर्यंत मागे जावं लागेल, आणि माझ्या बायकोने, सुजाताने, दवाखान्याच्या बाकावर मला जे सुनावलं तेही लिहावं लागेल. तिला विचारलं. लिहा म्हणाली.

*

आमच्या भागात खर्रा खाणाऱ्याला कोणी व्यसनी म्हणत नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटत घोटत बोलायचं, ही चार माणसांत बसायची रीत आहे. नव्या शाळेत बदली झाली की पहिल्या दिवशी कोणीतरी पन्नी पुढे करतं आणि ओळख होऊन जाते. मी तो वीस-बावीस वर्षं खाल्ला. लोक सोडायला सांगत होते, सुजाता तर लग्नापासून सांगत होती. कोणाला दोष द्यायला जागा नाही.

गालात आतून चट्टा पडला तेव्हा मी तिखट सोडलं. सुजाता अंगणवाडीत असते, लहान लेकरांचं खाणंपिणं बघायची तिला सवय. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. ताटातला ठेचा तसाच राहतो हे तिने दुसऱ्याच दिवशी हेरलं. "ठेचा काऊन नाई घेऊन राह्यले?" मी म्हणालो, पित्त झालंय. मग मी एकाच बाजूने चावायला लागलो, आणि त्यासाठी अक्कलदाढेचं कारण सांगितलं. तिने ते मानलं नाही, पण भांडलीही नाही. एका रविवारी मला मोटारसायकलवर बसवून, म्हणजे चालवत मीच होतो, आदिलाबादला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

त्या तरुण डॉक्टरने आरसा घालून आत पाहिलं. हातातली अवजारं काही न करता परत ट्रेमध्ये ठेवली आणि विचारलं, "बरोबर कोण आहे?" मला तिथेच कळलं. पुढे तुकडा काढला, तपासायला पाठवला, कागद आला, ते सगळं रीतसर झालं. पण माझ्यासाठी निदानाचा दिवस तोच, अवजारं ट्रेमध्ये वाजली तो.

परत येताना सुजाता मागे बसली होती. एरवी ती सीटची कडी धरते, त्या दिवशी तिने माझा सदरा मुठीत धरला होता. बाजूने कपाशीची वावरं चालली होती, बोंडं फुटायला लागली होती. मी मान थोडी वळवून म्हणालो, "मला माफ कर." ती म्हणाली, "समोर पाहा, ट्रक येऊन राह्यला."

शाळेचे हेडमास्तर तेलुगू. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि "एम् कादु, सार, एम् कादु" म्हणत राहिले. काही होणार नाही, काही होणार नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे मला शब्दांवर विश्वास ठेवणं जड गेलं.

*

ऑपरेशन नागपूरला झालं. त्या दिवसांतलं फार आठवत नाही, आणि आठवतं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. नाकातून नळी घातली होती, तिच्यातून दूध, वरणाचं पाणी जायचं. बोलता येत नव्हतं म्हणून सुजाताने बाजारातून पाटी-पेन्सिल आणली. जन्मभर पोरांना पाटीवर गिरवायला लावलं, आता माझ्यावर पाळी आली. शुद्ध आल्यावर मी पहिल्यांदा पाटीवर लिहिलं, "माफ कर". तिने ते वाचलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "लघवी लागली का, ते लिहा."

वॉर्डातला दिवस फरशी पुसण्याच्या वासाने सुरू व्हायचा. मग नळ्या साफ करणं, मग सुया, मग डॉक्टरांची फेरी, मग नातेवाइकांचे डबे. आम्ही बहुतेक सगळे तोंडाचे रोगी. डब्यांचा वास यायचा आणि आम्ही छताकडे बघायचो. एक गोष्ट मात्र मला अजून आठवते आणि बरं वाटतं. न्हाणीघरातल्या आरशावर कोणीतरी वर्तमानपत्र चिकटवून ठेवलं होतं. ज्याला आपलं तोंड बघायची तयारी झाली असेल त्याने कागदाचा कोपरा उचलायचा, बघायचं, आणि पुन्हा खाली सोडायचा. ते कोणी चिकटवलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी तो कोपरा बऱ्याच दिवसांनी उचलला.

*

जखम भरल्यावर शेक सुरू व्हायचा होता. त्यासाठी मुखवटा करतात. पांढऱ्या प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात बुडवून मऊ करतात आणि चेहऱ्यावर ओढून बसवतात. गार झाली की ती तुमच्या नाकाडोळ्यांच्या आकाराची टणक होते. बनवताना उलट बरं वाटलं, कोणीतरी ऊन ऊन टॉवेल ठेवल्यासारखं.

खरी गोष्ट पहिल्या शेकाच्या दिवशी समजली. मला टेबलावर निजवलं, मुखवटा चढवला आणि तो कडांनी टेबलाला खटाखट अडकवला. मान हलेना, हनुवटी हलेना, तोंड उघडेना. टेक्निशियन म्हणाला, "हलायचं नाही गुरुजी, काही वाटलं तर हात वर करा." मग सगळे बाहेर गेले. जाड दार सावकाश बंद झालं आणि यंत्राची घरघर सुरू झाली.

वाटलं होतं, मरणाचे विचार येतील. आली ती घरची टाकी. निघताना टाकीचा कॉक बंद केला होता का? मग शाळेच्या कपाटाची किल्ली. ती माझ्याच पँटच्या खिशात राहिली होती, पोरांची पुस्तकं आतच अडकली असणार. मग सुजाताची रजा संपत आल्याची गोष्ट. एकामागून एक अशा किरकोळ गोष्टी आल्या आणि प्रत्येकीच्या शेपटीला एकच वाक्य बांधलेलं: हे सगळं तुझ्यामुळे. ते वाक्य आलं की छाती आवळायची. श्वास नाकापर्यंत यायचा आणि जाळीपाशी अडायचा. मी हात वर केला नाही, लाथा झाडायला लागलो. त्यांनी यंत्र थांबवून धावत येऊन मुखवटा काढला तेव्हा मी घामाने भिजलो होतो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मुखवटा नुसता हातात बघूनच मी टेबलावरून उठलो.

डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, ऑपरेशननंतर शेकाला फार उशीर करता येत नाही. आत काही उरलं असेल तर ते आपली वाट बघत थांबणार नाही. आणि तुम्ही हललात तर शेक भलतीकडे लागतो. रोज गुंगी देऊन करावं, तर तुमच्या घशाची अवस्था पाहता माझी तयारी नाही." मग म्हणाल्या, "सोमवारी पुन्हा बघू. तोपर्यंत मन शांत करायचं काहीतरी बघा."

शुक्रवार होता तो.

*

दवाखान्याजवळ आम्ही एक खोली भाड्याने घेतली होती. तिथे मी मोबाईलवर ध्यान लावलं. गोड आवाजाचा एक माणूस सांगायचा, विचारांना निरोप द्या, मन कोऱ्या आभाळासारखं करा. मी टाकीला निरोप द्यायचो, ती पाण्यासकट परत यायची. दात-ओठ खाऊन (म्हणजे जेवढे खाता येत होते तेवढे) मी मन कोरं करायला बसायचो. शनिवारी सकाळी सुजाता डाळ निवडत माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तुमी ध्यान करून राह्यले का कुस्ती?"

मग तिने माझ्या आईला फोन लावला. माय गावी असते, माझ्या धाकट्या भावाकडे. फोनचा आवाज मोठा करून सुजाताने तिला सगळं सांगितलं: यांना मुखवट्यात राहवत नाही, सोमवारी जमलं नाही तर शेकच होणार नाही, म्हणून मोबाईल लावून ध्यानाला बसतात. तिला वाटलं मी मोबाईलवर सिनेमा बघतोय, आधी ते समजावून सांगावं लागलं. मग तिने विचारलं, "अन् बायेर काय ठेवलं?"

मला काही कळलं नाही.

"अरे बापू, बसायच्या आदी बायेर ठेवा लागते ना. सोमाजी बाबाच्या टायमाले विहारात काय ठेवत होते सारे? इसरला काय?"

विसरलो नव्हतो. पण ते ध्यान होतं, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

*

आमचं विहार म्हणजे चार विटांच्या भिंती आणि वर टीन. जमीन शेणाने सारवलेली, समोर बोराचं झाड. वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज सांजेला वस्तीतली माणसं तिथे जमायची. बाया वावरातून निंदण करून आलेल्या असायच्या, पायांचा चिखल धुतला तरी नखांत राहिलेला. गॅसबत्ती लावली जायची. त्रिशरण-पंचशील व्हायचं, मग ग्रंथवाचन. वाचायला मी, कारण माझा आवाज मोठा होता. पण पाऊस आला की टिनावर असा ताशा वाजायचा की माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. तेव्हा सोमाजी बाबा हात वर करून वाचन थांबवायचे. "ऐकूच येत नाई तं बसा आता," म्हणायचे. म्हणजे ध्यानाला बसा. आमच्या वस्तीत ध्यान कधी करायचं ते पाऊस ठरवत असे.

सोमाजी बाबा पूर्वी एका पाटलाकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे. ध्यानात सगळ्यांत आधी घोरायचे तेच. पण बसण्याआधी त्यांची एक रीत होती. "चपला बायेर ठेवल्या ना? आता हे बी ठेवा." मग एकेकाने आपल्या मनात जे टोचत असेल ते मोठ्याने सांगायचं. एकच वाक्य. पाऊस असला तर ओरडून.

"माही शेळी दूध देऊन नाई राह्यली."

"पोट्टीचा ताप उतरला नाई."

"उद्या कोनाच्या वावरात जावं, समजत नाई."

माझा बाप कानाला हात लावून म्हणायचा, "कान." एवढंच. त्याचा कान वर्षभर दुखायचा. माय माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "या पोट्ट्याचं अभ्यासात ध्यान नाई." मी वर्गात पहिला होतो. पण मला उलट बोलता यायचं नाही, कारण बाहेर ठेवलेल्याला उत्तर द्यायचं नाही असा नियम होता. उत्तर नाही, सल्ला नाही, अरेरे नाही.

तो नियम पडला त्यालाही कारण घडलं होतं. ठमाबाई नावाची एक म्हातारी होती. तिने एकदा बाहेर ठेवलं, "सून मले च्या देत नाई." सून तिच्याच पाठीमागे बसली होती. म्हणाली, "सकाळपासून तीन डाव पेली, चवथ्याचं बोलून राह्यली." त्या सांजेला ध्यान झालं नाही. पाऊस थांबला, गॅसबत्ती विझत आली, तरी चहाचाच निकाल चालला होता. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी सांगून टाकलं, ज्याने ठेवलं त्याचं ते. आपण ऐकायचं आणि डोळे मिटायचे.

आता आठवलं की मला ते सगळे चेहरे एका रांगेत दिसतात, गॅसबत्तीच्या उजेडात, डोळे मिटलेले. शेळी दूध देत नव्हतीच, ताप उतरलेला नव्हताच. बाहेर वीज चमकायची, कोणाचं तरी बाळ रडायचं, कोणीतरी उठून जायचं. आणि तरीही त्या टिनाखाली काहीतरी उतरायचं. मी कितीतरी वर्षं त्या जागेकडे नुसती गंमत म्हणून बघत आलो. नोकरी लागल्यावर शहरातल्या ध्यानशिबिरांना गेलो, तिथे टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असायची, आणि मला वाटायचं, हे खरं ध्यान. त्या शांततेत मला आईबाप, शेळी, पाऊस यांचीच आठवण यायची, ते वेगळं.

*

सोमवारी शेकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर सुजाता म्हणाली, "हं, ठेवा." मला लाज वाटली. आजूबाजूला लोक होते. मग मी माझ्या त्या अर्धवट बोलीत पुटपुटलो, "टाकीचा कॉक." नियम मी तिला सांगून ठेवला होता, तिने नुसतं ऐकलं. "कपाटाची किल्ली." तिने मान हलवली नाही. "तुझी रजा." तेवढ्यात नाव पुकारलं.

मुखवटा चढला, कड्या वाजल्या, दार बंद झालं. टाकी आलीच. पण ती मघाशी बोलून झाली होती, सुजाताने ऐकली होती, आता टाकी बाहेर बाकावर बसली होती. मी टाकीला बघितलं आणि नाकाशी आलेल्या श्वासाच्या वाऱ्याकडे वळलो. पुन्हा टाकी. पुन्हा वारा. किल्ली. वारा. छाती दोनदा आवळली. दोन्ही वेळा मी हात वर करायच्या बेतात होतो. केला नाही. दार उघडलं तेव्हा टेक्निशियन म्हणाला, "थोडं हलले, पण चाललं."

तेव्हापासून ते रोजचं झालं. एवढं नक्की सांगतो की विचार कमी झाले नाहीत. एकही दिवस माझं मन कोरं आभाळ झालं नाही. विचारांना घालवायचं काम मात्र मी सोडून दिलं होतं, आणि ते काम सोडल्यावर श्वासाला जागा मिळाली. शेकाच्या खोलीत जाणाऱ्या कोणालाही मी एवढंच सांगेन: जे टोचतंय ते दारापाशी कोणाला तरी सांगून जा. मोठं गुपित नको, टाकीचा कॉक पुरे.

*

पुढचे आठवडे वाईट गेले. गळ्याची कातडी काळी पडून सोलायला लागली. पाणी गिळताना काच गिळल्यासारखं व्हायचं. चव पार गेली. साखर आणि माती सारखी. मी चिडायला लागलो. सुजाता फोडणीशिवायची पातळ खिचडी गाळून आणायची आणि मी वाटी सरकवून द्यायचो. एकदा ती भिंतीला लागून सांडली. मग मी माफी मागायचो. दिवसातून किती वेळा मागायचो कोण जाणे. ती म्हणायची, "जाऊ द्या." तेवढं ऐकलं की मला हलकं वाटायचं, पुढच्या चिडण्यापर्यंत.

आणि बाकावर मी आता भरभरून ठेवत होतो. एकाच्या जागी दहा. शाळा, भाऊ, घर, गिळणं, वजन, आणि पुढे काय. सुजाता ऐकायची. मला आत बरं पडून राहता यायला लागलं होतं. मी मायला फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं की तुझी रीत लागू पडली, मी ठेवतो आणि सुजाता ऐकते.

माय म्हणाली, "अन् तिचं कोन ऐकते?"

आमच्या विहारात ठेवणारे सगळे होते. नुसतं ऐकायला बसवलेलं कोणी नव्हतं. मी मात्र माझ्या बायकोला दारावर बसवून ठेवलं होतं. आदल्या आठवड्यात मी बाहेर आलो तेव्हा ती दोनदा बाकावर नव्हती. जिन्याखालून डोळे धुऊन येताना मी तिला पाहिलं होतं आणि धूळ गेली असेल असं समजलो होतो.

*

दुसऱ्या दिवशी बाकावर मी काही ठेवलं नाही. म्हणालो, "आज तू ठेव."

"माहं काय? मी ठीक हाय."

शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याच्या गळ्याला मलम लावत होती. सुजाताने मांडीवरची पिशवी सरळ केली, पाण्याची बाटली तिच्यात नीट उभी केली. मग ती माझ्याकडे न बघता बोलली. आवाज चढवला नाही.

"मले तुमचा राग येते. रोज येते. तुमी खर्रा खाल्ला याचा येते, पन तुमी माफी मांगता तवा जास्त येते. माफी मांगून तुमी मोकळे होता. मले 'जाऊ द्या' म्हना लागते. म्हनून म्हनून मी थकली."

मग म्हणाली, "अन् तुमी गेले तं मी काय करू, हे बी येते मनात. मंग वाटते, तवा राग तरी कोनावर धरू."

माझ्या तोंडात शब्द आलाच होता. तोच नेहमीचा. जिभेच्या टोकावर. आयुष्यात मला एवढं काही बोलावंसं वाटलं नसेल. तिच्यासमोर रडावं, पाय धरावेत, काहीही करावं आणि तिच्याकडून ते दोन शब्द मिळवावेत. पण बाहेर ठेवलेल्याला उत्तर द्यायचं नसतं. मला तो नियम सहा वर्षांचा असल्यापासून माहीत होता. पाळायची वेळ त्या दिवशी आली.

मी काही बोललो नाही. तिनेही वाट बघितली नाही. टेक्निशियनने हाक मारली, "चला गुरुजी."

मुखवटा चढवला तेव्हा मला पहिल्यांदा त्याचं बरं वाटलं. तोंड उघडता येत नव्हतं. आता मनात आलं तरी मला माफी मागता येणार नव्हती.

दार बंद झालं. यंत्र फिरायला लागलं. त्या दिवशी टाकी आली नाही, किल्ली आली नाही, शाळा आली नाही. तिचं वाक्य तेवढं आलं. मले तुमचा राग येते. ते छातीवर येऊन बसलं. मी वाट बघत होतो की आता श्वास अडेल, आता लाथा झाडाव्या लागतील. वाक्य तिथेच राहिलं. ते खरं होतं, त्यात मला काही दुरुस्त करायचं नव्हतं. नाकाशी वारा आत आला, बाहेर गेला. वाक्य होतं. वारा होता. पुन्हा आत आला, बाहेर गेला. इतके दिवस मी स्वतःला दोषी म्हणत आलो, तो दोष सतत कोणाकडून तरी माफ करून घ्यायचा असायचा. त्या टेबलावर तो माझ्याजवळ नुसता पडून होता, जसा मी पडून होतो. त्याने माझ्याकडे काही मागितलं नाही. यंत्र डोक्यावरून फिरून दुसऱ्या बाजूला गेलं. डोळ्यांतून पाणी निघून कानांकडे चाललं होतं आणि मला ते पुसता येत नव्हतं, तेही चाललं.

लोक विचारतात, शांती मिळाली म्हणजे काय झालं? मला एवढंच सांगता येतं. शेक संपल्याची घंटी वाजली आणि मला वाटलं, एवढ्यात?

मुखवटा काढताना टेक्निशियन म्हणाला, "आज तर तुम्ही हललेच नाही. झोप लागली होती काय?"

झोप बाहेर लागली होती. सुजाता बाकावर बसल्या बसल्या झोपली होती. मान भिंतीला टेकलेली, तोंड जरा उघडं, हात मांडीवर सुटे पडलेले. पिशवी घसरून खाली आली होती. इतक्या आठवड्यांत मी तिला दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. मलम लावणारी बाई तिला हलवायला निघाली, मी हाताने नको म्हटलं.

मी पिशवी उचलून बाजूला ठेवली आणि तिच्या शेजारी बसलो. पुढची नावं पुकारली जात होती, माणसं आत जात होती, बाहेर येत होती. तिला जाग येईपर्यंत आम्हाला कुठे जायचं नव्हतं.